गाडीत बाहेरून सिस्टिम, डॅशकॅम, ट्रॅकर बसवल्यापासून बॅटरी डाऊन होते, काय करावं?

तुम्ही लिहिलंय की निपाणीत राहता, गाडी आठवड्यातून एकदाच काढता, दिवाळीनंतर अँड्रॉइड म्युझिक सिस्टिम, डॅशकॅम (काचेवरचा कॅमेरा), ट्रॅकर (गाडी कुठं आहे ते सांगणारा) आणि पायाखालचे रंगीत लाइट बसवून घेतले आणि तेव्हापासून चार दिवस गाडी उभी राहिली की सेल्फ लागत नाही. एक बॅटरी बदलून झाली, आता दुकानदार दुसरी घ्या म्हणतोय. कृपा करून घेऊ नका, आधी कुठली वायर कुठं जोडलीय ते बघा, कारण तसंच ठेवलं तर तिसरी पण जाणार.

माझ्या बाबतीत अगदी हेच झालेलं म्हणून एवढं जीव तोडून लिहितोय. मी बेळगावात शहापूरला राहतो. एका रविवारी संध्याकाळी खानापूरहून आलो, गाडी दारात लावली, सोमवारी काढलीच नाही आणि मंगळवारी पहाटे काकांच्या छातीत दुखायला लागलं. किल्ली फिरवली तर नुसतं कटकटकट, मीटरवरचे दिवे मिणमिणले आणि गप्प. शेजाऱ्यांनी त्यांच्या गाडीतून नेलं, काका आता ठणठणीत आहेत, पण ती दहा मिनिटं मी विसरू शकत नाही. नंतर बॅटरीच्या दुकानात गेलो तर त्यानं टर्मिनलकडं बघूनच सांगितलं, "ब्याटरी होगेद री", गेली म्हणे, बदला. बदलली. दोन महिन्यात परत तेच.

तेव्हा आमच्या गल्लीतले अण्णा, उद्यमबागेत एका कारखान्यात इलेक्ट्रिकलचं काम बघायचे, ते रात्री जेवून मल्टीमीटर, म्हणजे करंट आणि व्होल्टेज मोजायचा मीटर, घेऊन आले. त्यांनी जे केलं ते तुम्हाला घरी करता येतं, मीटर साधा चालतो फक्त त्याला 10 अँपियरचं भोक पाहिजे. गाडी बंद, किल्ली बाहेर, बॉनेट उघडं. दाराचं लॉक स्क्रूड्रायव्हरनं दाबून बंद करून ठेवायचं म्हणजे गाडीला दार लागलंय असं वाटतं आणि आतला लाइट विझतो. मग दहाच्या पान्यानं मायनसचं टर्मिनल सोडवून मीटरची एक पिन वायरला आणि दुसरी बॅटरीच्या मायनसला लावायची. मीटर लावलेला असताना किल्ली फिरवायची नाही, सेल्फ तर मुळीच मारायचा नाही, मीटरचा फ्यूज उडतो. आणि लगेच आकडा वाचून घाबरायचं पण नाही, गाडीतले कॉम्प्युटर झोपायला वीस मिनिटं ते पाऊण तास घेतात, मधे मीटर हलून कनेक्शन तुटलं की ते परत जागे होतात आणि परत तेवढं थांबावं लागतं. आम्ही कट्ट्यावर चहा घेत बसलो.

पाऊण तासानं माझ्या गाडीचा आकडा, म्हणजे बंद गाडी किती करंट खातेय तो, होता 0.62 अँपियर. नेहमीची चांगली गाडी 0.02 ते 0.05 च्या आसपास असते. आता हिशोब करा, 0.62 गुणिले 24 तास म्हणजे दिवसाला जवळपास 15 अँपियर-अवर (बॅटरीत किती साठतं ते यातच मोजतात), आणि माझी बॅटरी अख्खी 35 ची. त्यात माझं रोजचं जाणं-येणं चार-पाच किलोमीटर, म्हणजे ती कधी पूर्ण भरतच नव्हती. दीड दिवसात रिकामी झाली त्यात नवल काय!

मग अण्णांनी फ्यूज एकेक करून काढले. सिस्टिमचा फ्यूज काढला, 0.34 वर आलं. डॅशकॅमची वायर काढली, 0.03. बस, सापडलं. सिस्टिम बाहेर ओढून बघितली तर मागं पिवळी आणि लाल वायर एकत्र पिळून वर काळी टेप गुंडाळलेली. हे मला आधी माहीत असतं तर एक बॅटरी वाचली असती. बाहेरच्या बहुतेक सिस्टिमला पिवळी वायर मेमरीची असते, तिला कायम करंट लागतो पण अगदी थोडा, घड्याळ आणि सेटिंग लक्षात ठेवायला. लाल वायर ही एसीसीची, किल्लीनं चालू आणि किल्लीनं बंद व्हायला पाहिजे. बसवणाऱ्याला एसीसीची लाइन पटकन सापडली नाही किंवा गिऱ्हाईक म्हणालं की किल्ली काढली तरी गाणी चालू पाहिजेत, की तो दोन्ही एकत्र करून मोकळा होतो. मग सिस्टिमला वाटतं गाडी चोवीस तास चालू आहे. मी बटण दाबून बंद करायचो, स्क्रीन काळी व्हायची, मला वाटायचं बंद आहे. आत चालूच. ॲम्प्लिफायर असेल तर अजून वाईट, कारण त्याची निळी रिमोट वायर सिस्टिमवरूनच येते, सिस्टिम जागी तर ॲम्प्लिफायर पण जागा.

तुमच्याकडं अँड्रॉइड आहे तर वायर नीट असल्या तरी सेटिंगमध्ये स्लीप किंवा स्टँडबाय असा पर्याय शोधा, काही सिस्टिम लवकर चालू व्हावी म्हणून कित्येक तास अर्धवट जागी राहते. किल्ली काढल्यावर पूर्ण बंद व्हावी असं ठेवा, चालू व्हायला अर्धा मिनिट जास्त लागेल, लागू दे.

डॅशकॅमचं जरा नीट समजून घ्या. गाडी उभी असताना रेकॉर्डिंग पाहिजे का हे आधी ठरवा. घराच्या गेटच्या आत गाडी लावत असाल तर माझ्या मते गरज नाही, सरळ एसीसीवर जोडा आणि विषय संपवा. पाहिजेच असेल तर लो व्होल्टेज कट-ऑफ असलेलं हार्डवायर किट घ्या. त्याला तीन वायर येतात, एक कायम करंटची, एक एसीसीची, एक अर्थिंगची, आणि बॅटरी ठरलेल्या व्होल्टेजच्या खाली आली की ते कॅमेरा बंद करतं. हे व्होल्टेज बऱ्याच किटवर 11.6 पासून 12.4 पर्यंत निवडता येतं आणि बसवणारे कमीत कमीवर ठेवून देतात, रेकॉर्डिंग जास्त वेळ मिळतं म्हणून. पण गाडी उभी असताना पूर्ण भरलेली बॅटरी 12.6 - 12.7 दाखवते, 12.2 म्हणजे निम्मी आणि 11.8 म्हणजे जवळपास रिकामी. 11.6 ला कट होऊन काय उपयोग, सेल्फ तर त्याच्या आधीच मेलेला असतो. 12.2 च्या खाली ठेवू नका, तुमची गाडी आठवडाभर उभी असते तर 12.4 ठेवा.

ट्रॅकरला मात्र कायम करंट द्यावाच लागतो, नाहीतर तो बसवून फायदा नाही. चांगला ट्रॅकर गाडी उभी असताना झोपतो आणि फार थोडं खातो. पण नेटवर्क कमी असलेल्या जागी, आमच्या जांबोटीकडच्या जंगलात असतं तसं, तो सिग्नल शोधत जागा राहतो आणि जास्त खातो. तुमच्या पार्किंगमध्ये रेंज कशी आहे बघा. रंगीत लाइटचं सोपं आहे, ते किल्लीच्या लाइनवर घ्या, झालं. चार्जिंगचा सॉकेट पण तपासा, काही गाड्यांत किल्ली काढली तरी त्याला करंट असतो. चार्जर लावून दिवा विझतो का बघायचं, नाही विझला तर उतरताना चार्जर काढत जा.

वायरमनकडं जाल तेव्हा समोर उभं राहून तीन-चार गोष्टी करून घ्या. कंपनीची वायर कापू देऊ नका, तुमच्या मॉडेलचा कपलर (वायर न कापता जोडायचा प्लग) मिळतो, तो लावला की वॉरंटीची कटकट कमी होते. डॅशकॅम-लाइटसाठी फ्यूज बॉक्समध्ये बसणारा फ्यूज टॅप मिळतो, तो किल्लीनं चालणाऱ्या फ्यूजवर लावायचा. कुठलीही वायर थेट बॅटरीच्या प्लसवरून घेतली तर बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत फ्यूज पाहिजेच, नाहीतर ती वायर कुठं घासून बॉडीला लागली तर गाडीच पेटते, यात तडजोड करू नका. डॅशबोर्डखाली पिवळ्या आवरणाच्या वायरी आणि पिवळे कपलर दिसले तर तिथं हात लावू नका, ते एअरबॅगचे असतात, सिस्टिमच्या पिवळ्या वायरीशी त्यांचा संबंध नाही. आणि सिग्नलला आपोआप बंद होणारी गाडी असेल तर अर्थिंग बॅटरीच्या मायनसवरून न घेता बॉडीवरून घ्या, कारण त्या मायनसवर करंट मोजणारा सेन्सर असतो, त्याचा हिशोब चुकतो. अशा गाडीला बॅटरी पण ईएफबी किंवा एजीएम, म्हणजे सारखं बंद-चालू सोसणाऱ्या खास प्रकारची, लागते, साधी टाकली तर लवकर जाते.

आता हे सगळं करूनही एक गोष्ट राहते. 0.03 सुद्धा महिन्याला 21-22 अँपियर-अवर होतं, म्हणजे चांगली गाडी पण महिनाभर उभी राहिली तर अवघडच. आमच्याकडं कितीतरी घरात मुलगा मिलिटरीत, नाहीतर पुण्यात, आणि गाडी दारात ताडपत्री घालून पावसाळाभर उभी. अशा वेळी मायनस काढून ठेवायचं, घड्याळ आणि रेडिओचं सेटिंग जाईल तेवढंच, फक्त सिस्टिमला कोड लागतो का ते आधी बघून ठेवा. उभ्या जागी दहा मिनिटं इंजिन चालू ठेवून बॅटरी भरत नाही, त्यापेक्षा रविवारी हायवेनं संकेश्वरपर्यंत जाऊन या.

पूर्ण उतरलेली बॅटरी मात्र तेवढ्यानं भरत नाही, दुकानात स्लो चार्जिंगला रात्रभर लावावी लागते. गाडीची बॅटरी घरच्या इन्व्हर्टरच्या बॅटरीसारखी खोल उतरायला बनवलेली नसते, तिच्या प्लेटी पातळ असतात, दर वेळी रिकामी झाली की थोडी कायमची खराब होते. तुमची आत्ताची बॅटरी दोन-तीनदाच उतरली असेल तर अजून वाचेल असं मला वाटतं.

करायचं असं, चार्जिंग करून आणा, बसवा, इंजिन चालू करून बॅटरीवर व्होल्टेज बघा, 13.8 ते 14.5 च्या मधे असेल तर अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी भरणारा) चार्जिंग देतोय. मग रात्री वर सांगितल्यासारखं मीटर लावा. 0.05 च्या वर आकडा आला तर कुठला फ्यूज काढल्यावर किती कमी झाला ते इथं खाली लिहा आणि गाडीचं मॉडेल सांगा. मी अण्णांना दाखवून सांगतो कुठली वायर सोडवायची ते.