बाळ वाचलं, आता मनगट दाखवून या

बाळाला घेऊन कपड्यांची बादली नेताना तुम्ही जिन्यावर घसरलात, मनगटावर भार आला, पण बाळाला खरचटलंही नाही, हे तुमच्या पोस्टमध्ये वाचून हायसं वाटलं. पण "मला थोडंसंच दुखतंय" हे काही पटलं नाही. माझा मुलगा दीड वर्षाचा असताना मीही जिन्यावर असाच घसरलो. एका हाताने त्याला छातीशी धरलं, दुसरा टेकला. अंगठ्याच्या मुळाशी खळगा असतो ना, तिथे दाबून कळ आली तर अंगावर काढू नका. तिथलं छोटं हाड मोडलं तरी पहिल्या एक्स-रेत कधीकधी दिसत नाही; 10 ते 14 दिवसांनी पुन्हा काढावा लागतो. माझं तसंच झालं. तोवर बाळाला त्या हाताने उचलू नका, बसा आणि त्यालाच मांडीवर चढू द्या. रडेल थोडं. आणि जिना उतरताना एक हात कठड्यावरच. कपड्यांची बादली नंतर न्या.