मुरमाच्या ट्रॅकसाठी इंजिन: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न: आम्ही मित्र मिळून डर्ट ट्रॅकसाठी गाडी बांधतोय. ट्रॅक मुरमाचा, अंडाकृती, सगळी वळणं डावीकडे. मारुती एस्टीमची बॉडी हाताशी आहे. भंगारात एस्टीमचं 1300 आणि जुन्या बलेनोचं 1600 सीसी अशी दोन्ही इंजिनं मिळतायत. कुठलं घ्यावं? (वाचक, जालना)

उत्तर: पैसे देण्याआधी स्पर्धेची नियमावली हातात घ्या आणि आपल्या क्लासची सीसी मर्यादा बघा. एस्टीमच्या जी13बीबी इंजिनाचा बोअर (सिलिंडरचा व्यास) 74 मिमी, स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) 75.5 मिमी, म्हणजे 1298 सीसी. मर्यादा 1300 ची असेल तर पाव मिलिमीटरचा पहिला ओव्हरसाइज (जास्त व्यासाचा) पिस्टन घातला तरी 1307 सीसी होतात आणि गाडी तपासणीतच बाद होते. अशा वेळी झिजलेल्या ब्लॉकला स्लीव्ह (सिलिंडरच्या आत बसणारी नळी) घालून स्टँडर्ड मापावर आणावं लागतं. मर्यादा 1400 ची असेल तर अर्धा मिमी बोअर वाढवून 1316 सीसीपर्यंत बिनधास्त जा.

बलेनोचा स्ट्रोक 90 मिमी आहे. 7000 आरपीएमला त्याच्या पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला 21 मीटर होतो, एस्टीमचा तेवढ्याच आरपीएमला साडेसतरा. मूळचे रॉड (पिस्टन आणि क्रँक जोडणारे दांडे) आणि मूळचे बोल्ट ठेवून बांधणाऱ्यासाठी हा फरक फार मोठा आहे. बलेनोचा टॉर्क जास्त, हे खरं. पण मुरमावर चाकं आधीच घसरतात. जास्तीची ताकद टायरखालून मातीत जाते. आमचं मत स्पष्ट आहे: पहिलं इंजिन 1300 चंच असावं. हीच मालिका जिप्सी किंगमध्येही होती, त्यामुळे सुटे भाग मिळवायला पुण्या-मुंबईला पळावं लागत नाही. फक्त जिप्सीचं इंजिन गाडीत उभं (लांबीच्या दिशेने) बसतं आणि एस्टीमचं आडवं, त्यामुळे ऑइल चेंबर आणि मॅनिफोल्ड (हवेचे आणि धुराचे पाइप) सरसकट एकमेकांना चालतील असं धरू नका.

भंगारातलं इंजिन चालू होत असेल तर गरम करून, चारही प्लग काढून, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून कॉम्प्रेशन मोजा. दर चौरस सेंमीला 12 किलोच्या वर आणि सिलिंडरांमधला फरक 1 किलोच्या आत हवा. कमी आलं तर त्या सिलिंडरात चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंगा गेल्यात, नाही चढला तर वॉल्व्ह किंवा गॅस्केट. आणि इंजिन नंबर लिहिलेली पावती घेतल्याशिवाय माल उचलू नका.

प्रश्न: वाळूजला माझं छोटं मशिन शॉप आहे. बोअरिंग-होनिंग (सिलिंडर मापात कापणं आणि आतून दगडाने घासणं) जमतं, पण रेसचं इंजिन कधी केलेलं नाही. कोणती मापं धरू? (वाचक, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर: मशिन तीच, हात तोच, बदलते ती मोजण्याची शिस्त. हेड आवळलं की बोअर किंचित आकार बदलतो. म्हणून होनिंगच्या वेळी हेडच्या जागी 40 ते 50 मिमी जाडीची लोखंडी प्लेट, चार भोकं बोअरच्या मापाची, हेडच्याच बोल्टांनी आणि त्याच टॉर्कने आवळा. तुमच्याकडे ती अर्ध्या दिवसात तयार होईल आणि पुढची सगळी इंजिनं तिच्यावर होतील. डायल बोअर गेजने वर, मध्ये, खाली आणि प्रत्येक ठिकाणी दोन दिशांनी मोजा. पिस्टन आधी हातात घ्या, त्याचं माप काढा, मगच बोअर करा. कास्ट पिस्टनला 0.04 ते 0.05 मिमी क्लिअरन्स (मोकळी जागा) पुरे. फोर्ज्ड पिस्टन गरम झाल्यावर जास्त फुगतो, त्याला पिस्टनवाल्याच्या कागदावरचा आकडाच धरा.

रिंग बोअरमध्ये पिस्टननेच सरळ ढकलून टोकांमधल्या गॅपला फीलर गेज (पातळ पट्ट्यांचं मापक) लावा. वरच्या रिंगला 0.30 मिमी, दुसरीला 0.35. गॅप कमी राहिला तर तापल्यावर रिंगची टोकं एकमेकांना भिडतात आणि पिस्टनची कड फुटते. थोडा जास्त राहिला तर फारसं काही बिघडत नाही. बेअरिंगच्या क्लिअरन्ससाठी जर्नलच्या (क्रँकच्या बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या गोल भागाच्या) व्यासाचा हजारावा भाग हे ढोबळ माप: 45 मिमी जर्नलला 0.045. प्लास्टिगेज (दबल्यावर क्लिअरन्स दाखवणारा प्लास्टिकचा धागा) लावून प्रत्येक कॅप तपासा, शेल (बेअरिंगचे अर्धगोल तुकडे) डब्यातून काढून थेट बसवू नका. रॉडचे बोल्ट नवे घाला. टॉर्कचे आकडे त्याच इंजिनाच्या मॅन्युअलमधून घ्या, तोंडी सांगितलेले नकोत.

होनिंगनंतर बोअर नुसता डिझेलने पुसून चालत नाही. दगडाची पूड रेघांमध्ये बसलेली असते. गरम पाणी, साबण आणि ब्रश. मग पांढरं फडकं ऑइलमध्ये बुडवून फिरवा. फडकं काळं-करडं निघतंय तोवर पुन्हा धुवा. नवी इंजिनं धूर टाकतात त्यातली बरीच याच पायरीवर बिघडलेली असतात.

प्रश्न: मिस्त्री म्हणतात हेड 1 मिमी फेस करू (घासून कमी करू), पिकअप वाढेल. पंपावर ई20 (20 टक्के इथेनॉलचं) पेट्रोल मिळतं. करावं का? (वाचक, लातूर)

उत्तर: अर्धा मिमी करा. हिशेब असा: एका सिलिंडरचं आकारमान 324.7 सीसी. मूळ कॉम्प्रेशन रेशो 9.5 धरला तर वर 38.2 सीसी जागा उरते. हेडमधल्या ज्वलन चेंबरचं तोंड साधारण 40 चौरस सेंमी असेल तर 0.1 मिमी घासलं की 0.4 सीसी कमी होतात. अर्ध्या मिमीला रेशो 10 च्या जवळ येतो, 1 मिमीला साडेदहा. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा 42 वर असतो. तापलेली हवा ओढणाऱ्या इंजिनाला साडेदहाला नॉकिंगची (मिश्रण आपोआप भडकण्याची) भीती राहते. शिवाय रेसमध्ये हेड कधी ना कधी तापून वाकणार. तेव्हा पुन्हा फेसिंगला धातू शिल्लक पाहिजे. अंदाजावर न जाता ब्युरेट (मापाच्या खुणांची काचेची नळी) आणि भोक पाडलेली अ‍ॅक्रिलिकची पट्टी घेऊन चारही चेंबर भरून मोजा.

फेसिंगनंतर दोन गोष्टी बदलतात. वॉल्व्ह पिस्टनच्या जवळ येतात, आणि कॅम क्रँकच्या जवळ आल्याने वॉल्व्हचं टायमिंग किंचित मागे पडतं. पिस्टनवर मुलांच्या खेळण्यातली क्ले ठेवून, जुनं गॅस्केट लावून, हेड आवळून इंजिन हाताने दोन फेरे फिरवा. क्ले कापून जाडी बघा: इनटेकला किमान 2 मिमी, एक्झॉस्टला अडीच. टायमिंग अ‍ॅडजस्टेबल पुलीने सावरून घ्या.

ई20 चा ऑक्टेन (नॉकिंग रोखण्याची क्षमता) चांगला असतो, अडचण मिश्रणाची आहे. साध्या पेट्रोलला एका भागाला 14.7 भाग हवा लागते, ई20 ला साधारण साडेतेरा. कार्ब्युरेटर जुन्याच जेटवर ठेवला तर मिश्रण हलकं पडतं (पेट्रोल कमी, हवा जास्त) आणि पिस्टन जळतो. 110 चा मेन जेट (पेट्रोल सोडणारं मुख्य छिद्र) असेल तर 114-115 लावून प्लगचा रंग बघा. पोर्सिलेनवर चंदेरी बारीक ठिपके दिसले तर ते पिस्टनचं अ‍ॅल्युमिनियम आहे. लगेच थांबा, इग्निशन टायमिंग दोन डिग्री मागे घ्या, जेट मोठा करा. रेस झाली की कार्ब्युरेटरचा बाऊल रिकामा करा, इथेनॉल पाणी ओढतं.

प्रश्न: वळणावर ऑइलचा दिवा लुकलुकतो. बिग एंडचे (रॉडच्या क्रँककडच्या टोकाचे) शेल दोनदा गेले. पंप नवा आहे. (वाचक, नांदेड)

उत्तर: पंपाचा दोष नाही. सतत डावीकडे वळताना खालच्या ऑइल चेंबरमधलं ऑइल उजव्या भिंतीवर चढतं, पंपाची जाळी उघडी पडते आणि पंप हवा ओढतो. एवढ्यात शेल जातं. चेंबर काढा, जाळीभोवती 1.6 मिमी पत्र्याची चौकट वेल्ड करा आणि तिच्या उजव्या भिंतीत आत उघडणारं बिजागरीचं झाकण ठेवा: ऑइल आत येईल, बाहेर जाणार नाही. जाळी आणि तळ यांत 6 ते 10 मिमी अंतर राहू द्या. बसवण्याआधी क्रँक फिरवून पत्रा कुठे लागत नाही ना बघा. नुसतं ऑइल जास्त भरणं हा उपाय नव्हे. क्रँक ते घुसळून फेस करतो. दिव्यावर विसंबू नका, ऑइल प्रेशरचं घड्याळ (गेज) लावा. गरम इंजिनाला दर हजार आरपीएममागे 0.7 बार प्रेशर पाहिजे.

प्रश्न: थर्मोस्टॅट काढून टाकला तर इंजिन थंड राहील का? (वाचक, बीड)

उत्तर: नाही. बऱ्याच इंजिनांत तो काढला की बायपास उघडाच राहतो आणि पाण्याचा काही भाग रेडिएटरला न जाता परत फिरतो. खरा शत्रू बोअरवेलचं क्षारयुक्त पाणी. त्याची खपली हेडच्या पाण्याच्या वाटांत जमते. बॅटरीचं डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट वापरा, आणि प्रत्येक हीटनंतर (शर्यतीच्या फेरीनंतर) रेडिएटरवरचा चिखल मागच्या बाजूने पाणी मारून काढा.

प्रश्न: अर्ध्या मोसमातच निळा धूर. बांधणी चांगली होती. (वाचक, परभणी)

उत्तर: एअर फिल्टर आणि इंजिन यांच्यामधला पाइप काढून आतून पांढऱ्या फडक्याने पुसा. धूळ निघाली तर रिंगा तिनेच खाल्ल्या. दोष बहुतेक वेळा फिल्टरचा नसून जोडाचा असतो: सैल क्लिप, चिरलेलं रबर, फिल्टरची न बसलेली कड. कडेला ग्रीसचा पातळ थर द्या, बाहेरून ऑइल लावलेल्या फोमचं आवरण चढवा, आणि ब्रीदर पाइपलाही (इंजिनाच्या आतली वाफ बाहेर सोडणाऱ्या) छोटा फिल्टर लावा; तो उघडा ठेवला तर धूळ थेट ऑइलमध्ये जाते. कागदी फिल्टरला हवा मारायची तर आतून बाहेर, कमी दाबाने. नव्या रिंगा टाकण्याआधी ही वाट बंद करा, नाहीतर पुढच्या मोसमात हाच धूर दिसेल.