एमआरआय काढला तर भावाचा ऑटिझम पक्का कळेल का? आणि त्याला खरंच वेगळं दिसतं का?

पहिल्याचं उत्तर नाही. ऑटिझमचं निदान वागण्यावरून आणि लहानपणच्या माहितीवरून होतं. आपल्याकडे त्यासाठी आयसा ही चाळीस मुद्द्यांची मोजपट्टी आहे. फिट्स येत असतील किंवा दुसरी शंका असेल, तर डॉक्टर स्कॅन सांगतात, ती गोष्ट वेगळी.

दुसऱ्याबद्दल मात्र बोलण्यासारखं आहे. माझा धाकटा भाऊ ऑटिस्टिक, वय तीस. चोपड्याकडे आमचा कापूस. गुलाबी बोंडअळी लागलेलं फूल उमलत नाही, पाकळ्या गुलाबाच्या कळीसारख्या मिटून राहतात. त्याला डोमकळी म्हणतात. मी ओळीतून पुढे निघून गेलेली असते आणि मागून आवाज येतो, "ताई, आठे देख," म्हणजे इथे बघ. हिरव्या पानाआड एकच डोमकळी.

मॉन्ट्रियलच्या संशोधकांनी २०११ मध्ये मेंदूच्या स्कॅनचे २६ अभ्यास एकत्र तपासले. त्यांत ३५७ ऑटिस्टिक आणि ३७० इतर माणसं होती. चेहरे, वस्तू, शब्द बघताना ऑटिस्टिक गटात मेंदूचा मागचा, बघण्याचा भाग जास्त कामाला लागलेला दिसला आणि पुढचा कमी. वाचून मला वाटलं, सापडलं! पण हे गटाचे निष्कर्ष, एकट्या माणसाच्या स्कॅनवरून ते वाचता येत नाहीत. शिवाय यंत्र विचार मोजत नाही, रक्तातल्या ऑक्सिजनचा फरक मोजतं. जास्त काम म्हणजे जास्त चांगलं दिसणं, असंही नाही.

२०१४ मध्ये लंडनच्या एका गटाने ऑटिस्टिक प्रौढांचे स्कॅन केले, तेव्हा तर कोडंच पडलं. दृष्टीच्या काही भागांत मेंदूचा एकेक ठिपका समोरचा जेवढा तुकडा बघतो, तो ऑटिस्टिक लोकांत मोठा निघाला. बारीक बघणाऱ्याचा तुकडा लहान असायला हवा ना? आणि त्या ठकठकणाऱ्या नळीत न हलता पडून राहू शकतो, तोच अशा अभ्यासात येतो. आमचा भाऊ पाच मिनिटंही टिकला नसता.

डोमकळी शोधणारे हेच डोळे किराणा दुकानातल्या लुकलुकत्या ट्यूबखाली घट्ट मिटतात. गावाला तो हट्ट वाटायचा, आम्हालाही. स्कॅनसाठी मुंबईच्या खेपेचे पैसे असतील, तर आधी घरातली अशी ट्यूब बदलून बघा भो. आम्हाला ते सुचायला वीस वर्षं लागली.