मायचा इकनेस आणि भिंतीचा कमकुवतपणा

उदगीरच्या एका शिक्षक मित्राचा प्रश्न आहे. आईच्या दवाखान्याच्या कागदावर ‘अशक्तपणा’ लिहिलेलं, पुतण्याच्या दाखल्यावर ‘दुर्बल घटक’ आणि शाळेच्या एका खोलीबद्दल ‘भिंत कमकुवत’. पोरांनी विचारलं, सर, तिन्ही एकच का? शिवाय ‘गोड ही माझी कमजोरी’ हे मराठी म्हणायचं का, असा एक उपप्रश्नही आहे.

एकच नाहीत. माझी एक घरगुती कसोटी आहे, शब्दापुढे ‘येणे’ लावून बघायचं. तापातून उठल्यावर अशक्तपणा येतो आणि चार दिवस वरण-भाकरी पोटात गेली की जातो. ‘तापानं दुबळेपणा आला’ असं मात्र कुणी म्हणत नाही. दुबळेपणा पाहुणा नसतो, तो घरातच मुक्कामाला असतो.

‘अशक्त’मध्ये शक् हा धातू आहे. शक्य, अशक्य, शक्ती ही सगळी त्याचीच भावंडं. म्हणजे अशक्त माणूस मुळात ‘ज्याला जमत नाही तो’. गंमत अशी की हे सांगायला मराठीला नामाची गरजच पडत नाही, क्रियापदच ते काम करतं. ‘उठवत नाही’, ‘चालवत नाही’, ‘घास गिळवत नाही’. व्याकरणात याला शक्य क्रियापद म्हणतात. ‘मी चालत नाही’ आणि ‘मला चालवत नाही’ यांत इच्छा आणि ताकद यांच्यातला सगळा फरक आला. डॉक्टर अशक्तपणा लिहितो, म्हातारी नुसतं ‘उठवंना रं लेकरा’ म्हणते, आणि दोघं एकच गोष्ट वेगवेगळ्या वाटेनं सांगत असतात.

मधली पिढी मात्र आमच्याकडं मराठवाड्यात ‘इकनेस’ म्हणते, म्हणजे इंग्रजीतला वीकनेस. ‘मायला लई इकनेस आलाय डाक्टरसाहेब, एक सलाईन लावून टाका.’ या इकनेसला नाकं मुरडणारे पुष्कळ आहेत. मी त्यांच्यातला नाही. इंग्रजी शब्द घेतला तरी त्याला ‘आलाय’च लावला, म्हणजे तो अशक्तपणाच्या जागी बरोबर बसवला. भिंतीला इकनेस आलाय असं अजून तरी ऐकलं नाही.

जुन्या माणसांच्या तोंडात याहून चांगले दोन शब्द आहेत. ‘अंगात त्राण नाही’ आणि ‘अवसान गळालं’. संस्कृतात त्राण म्हणजे रक्षण, मराठीत ते अंगातलं बळ झालं. अवसान तर उलटंच फिरलं. संस्कृतात त्याचा अर्थ शेवट, समाप्ती. मराठीत अवसान म्हणजे जोर, हिंमत, तीही अशी की प्रसंगी उसनी आणता येते. उसनं त्राण आणता येत नाही, उसनं अवसान आणता येतं. त्राण शरीराचं, अवसान बरंचसं मनाचं.

‘दुर्बल’ आणि ‘दुबळा’ हे एकाच शब्दाचे दोन अवतार. दुर्बल संस्कृतातून जसाच्या तसा उचलला, दुबळा प्राकृतातल्या ‘दुब्बल’वरून घासत घासत आला. बलचं बळ झालं तसाच इथंही ल चा ळ झाला. पण घासताना दुबळ्याला गरिबीचा वास लागला. ‘गरीबदुबळं’ म्हणताना कुणी दंड मोजत नाही. म्हणून २०१९ च्या १०३ व्या घटनादुरुस्तीनंतर जे १० टक्के आरक्षण आलं, त्याला मराठीत ‘आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक’ हे नाव चपखल बसलं. हिंदीनं तिथं ‘कमजोर वर्ग’ केला. मराठीत ‘कमजोर घटक’ म्हटलं तर वाक्य कुण्या यंत्राच्या सुट्या भागाबद्दल आहे असं वाटेल. (गावात म्हणा ‘इडब्ल्यूएस’च चालतं.) पैशाच्या बाबतीत आणखी एक नेमका शब्द होता, नादार. फारसीत ‘ज्याच्याकडे नाही तो’. शाळेत फी माफ व्हायची तिला नादारी म्हणत. आता तो शब्द फारसा कानावर येत नाही.

कमजोर आणि कमकुवत हे दोघं फारसीच्या वाटेनं आलेले. जोर फारसी, कुवत मूळ अरबी. आमच्याकडं दफ्तर १९४८ पर्यंत उर्दूत होतं, त्यामुळे असा कुठलाही शब्द निझामाच्या खात्यावर टाकायची सवय आहे. पण हे शब्द पुण्या-कोल्हापुरातही तितकेच रुळलेत, आणि फारसी मराठीत निझामाच्या कितीतरी आधी शिरली. वापरात फरक असा की कमकुवत हा मुख्यतः भार पेलण्याबद्दल बोलतो. भिंत, पूल, पाया, खटल्यातली बाजू. कुवत म्हणजे पेलण्याची ऐपत, म्हणूनच ‘कुवत बघून कर्ज काढ’ म्हणतात. आजारी आईला कमकुवत म्हणणं कानाला खटकतं ते यामुळे.

शेताबाजारात आणखी काही सापडतील. सोयाबीन ‘नरम’ पडतं ते भावात, आणि तब्येत नरम असते ती सांगणाऱ्याच्या अदबीत. ज्वारीचा दाणा भरला नाही तर ‘पोचट’, तोच शब्द मग विनोदाला आणि युक्तिवादाला. पोचटाला ‘कमजोर युक्तिवाद’ हा पर्याय मला तरी बेचव वाटतो.

राहिली गोडाची कमजोरी. आवड या अर्थानं ‘कमजोरी’ हिंदीच्या संगतीनं आली, चुकीची नाही, पण परकी वाटते. आपल्याकडं आवडीत उणेपणा मोजत नाहीत, ‘जीव असतो’ म्हणतात. वेळ अमावस्येला, म्हणजे आमच्याकडच्या शेतातल्या सणाला, भज्जी ही मिसळ भाजी वाढली की मी तिसऱ्यांदा ताट पुढं करतो, आणि वहिनी म्हणतात, ‘भाऊजींचा भज्जीवर लई जीव’. यात कमजोरी कुठं घालायची, ते मला तरी जमलेलं नाही.