नाशिकहून गाडीने चार दिवस मुंबईत येतोय. नातेवाईक आणि फिरणं दोन्ही कसं जमवावं?

तुमचा बेत असा दिसतोय: शुक्रवारी निघून सोमवारी परत, लग्नानंतर पहिल्यांदाच जोडीने, डोंबिवलीला आत्या, गिरगावात मावशी, बोरिवलीला काका, आणि शिवाय मुंबई बघायची. माझं माहेर नाशिक, आता राहते मुलुंडला. लग्नानंतर आम्हीही अस्साच घाट घातला होता आणि सपशेल फसलो होतो.

तीन घरं म्हणजे तीन जेवणं. 'चहालाच येतोय' असं फोनवर दोनदा सांगितलं तरी आधी पोहे, मग शिरा, मग 'कुकर लावलाच आहे, आता जेवूनच जा'. त्यात गिरगावात गाडी घेऊन गेलो. गल्लीत समोरून हातगाडी आली, मागे टेम्पो. नवरा रिव्हर्स घेतोय आणि चाळीच्या तिन्ही मजल्यांच्या गॅलऱ्यांतून लोक सांगतायत, 'डावीकडे कापा, डावीकडे!' चार दिवसांत मुंबई पाहिली ती गाडीच्या काचेतून.

पुढच्या खेपेला आमची आत्या सहज म्हणाली, 'घारापुरी मी अजून पाहिलेली नाही गं.' पस्तीस वर्षं डोंबिवलीत राहून! मुंबईतल्या बहुतेक नातेवाईकांचं असंच असतं. म्हणून माझं म्हणणं, त्यांच्याकडे बसायला जाऊ नका, त्यांनाच बरोबर घेऊन फिरा. भेटही होते आणि कोणाला तासन्‌तास ओट्यापाशी उभं राहावं लागत नाही.

शुक्रवारी कसारा घाट उतरून भिवंडी बायपासला रांजणोली नाक्यावरून कल्याणकडे वळा. आत्याकडे मुक्काम करा आणि गाडी तिच्या सोसायटीतच राहू द्या. आत्याला पाहुण्यांच्या गाडीबद्दल आधी वॉचमनशी बोलून ठेवायला सांगा.

शनिवारी सकाळी आत्याला घेऊन जलद लोकलने सीएसएमटी. गर्दी उतरल्यावर, साडेदहाच्या पुढेच निघा. गेटवेहून घारापुरीची लाँच तासाभरात पोचवते. (सोमवारी लेणी बंद असतात, त्यामुळे हे परतीच्या दिवसावर ढकलू नका. पावसाळ्यात येत असाल तर समुद्राचा नेम नाही, लाँच चालू आहे का ते आधी विचारा.) धक्क्यापासून वर जायला शंभरावर पायऱ्या आहेत, आत्याचे गुडघे बघून ठरवा. आमची आत्या दोन ठिकाणी बसली, पण वर पोचली. सदाशिवाच्या त्या मोठ्या मूर्तीसमोर ती बराच वेळ काहीच बोलली नाही, आणि ही बाई गप्प बसलेली मी तरी प्रथमच पाहिली. खाली उतरताना तिने तिखटमिठाच्या पुऱ्यांचा डबा काढायला पिशवी उघडली आणि माकडाने पिशवीच नेली. तेव्हा खाणं लाँचवरच उरका.

संध्याकाळी गिरगाव. मेट्रो ३ आता सीएसएमटीहून थेट जाते, काळबादेवीनंतरचंच स्टेशन गिरगाव. मावशीला खाली बोलवा आणि चौपाटीवर जा. वर चढून नमस्कार मात्र कराच. तो टाळलात तर पुढच्या प्रत्येक लग्नकार्यात ऐकावं लागेल.

रविवारी मध्य रेल्वेवर बहुधा मेगाब्लॉक असतो, म्हणून त्याच दिवशी गाडी काढा. पहाटे घोडबंदर रोडने बोरिवली. उशीर केलात तर गायमुखला अडकाल. वाटेत दहिसर नाका लागतो. ऑक्टोबर २०२४ पासून मुंबईच्या वेशीवरच्या पाचही नाक्यांवर छोट्या गाड्यांना टोल नाही. काकांना घेऊन राष्ट्रीय उद्यानातली कान्हेरी लेणी बघा. शंभराच्या वर लेणी आहेत, सगळी बघायचा हट्ट नको. तिसऱ्या क्रमांकाचं चैत्यगृह चुकवू नका, आणि लेण्यांबाहेर कातळात खोदलेली पाण्याची टाकी नीट बघा.

रात्री दहानंतर काका-काकूंना मागच्या सीटवर बसवून सी लिंक आणि पुढे कोस्टल रोडने मरीन ड्राइव्हला जाऊन या. मलबार हिलखालून दोन किलोमीटरचा बोगदा आहे. नवऱ्याला गाडी चालवायची हौस असेल तर ती इथे भागवू द्या, गिरगावात नको.

सोमवारी सातच्या आत निघा. आणि डिकी भरून येऊ नका. पहिल्यांदा जोडीने येताय म्हणजे घरोघरी ओटी भरणार. आमच्या डिकीत परतीला पाच नारळ होते आणि कसाऱ्याच्या प्रत्येक वळणाला ते या कडेहून त्या कडेला गडगडत होते.