तो कागद हातात घेऊन लिही

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

अमेरिकेत वेश्याव्यवसायासाठी विकल्या गेलेल्या चिनी मुलींवरच्या तुझ्या कादंबरीची पहिली प्रकरणं वाचली. सॅन फ्रान्सिस्कोच्या चायनाटाउनमधली रात्र, पोलिसांच्या हातातल्या कुऱ्हाडी, छपरावरून पळणारे मालक, आणि दार फुटताच आत शिरणारी, अशा मुलींना सोडवणारी मिशनरी डोनाल्डिना कॅमेरॉन. असे छापे खरोखर पडत, तू काही वाढवून लिहिलेलं नाहीस. पण ज्या मुलीसाठी दार फोडलं, ती मला कुठे भेटलीच नाही. कोपऱ्यात थरथरत बसण्यापलीकडे तू तिला काही करूच देत नाहीस.

माझं ऐकशील तर कुऱ्हाड जरा बाजूला ठेव आणि कागद हातात घे. या बायका कागदावर विकल्या गेल्या आणि त्यांची सुटकाही बरीचशी कागदावरच झाली.

१८७५ च्या पेज कायद्यामुळे अमेरिकेत येणाऱ्या प्रत्येक चिनी बाईकडे वेश्या असल्याच्या संशयानेच पाहिलं जाऊ लागलं. हाँगकाँगच्या अमेरिकन वकिलातीत चारित्र्याची उलटतपासणी झाल्याशिवाय तिला बोटीत पाऊल टाकता येईना. मग चिनी मजुरांना अमेरिकेत येण्यास बंदी करणारा १८८२ चा कायदा आला. मजुराला बायको आणता येईना, आणि गोऱ्या बाईशी लग्न कॅलिफोर्नियात बेकायदा. एकटे पुरुष हजारोंनी, बायका मोजक्याच. त्यामुळे बाजार बंद पडला नाही, मुलींच्या किमती मात्र चढल्या. कुणाची तरी बायको, कुणाची तरी लेक अशा खोट्या कागदांवर त्या उतरू लागल्या. १८८६ चा एक करार उपलब्ध आहे: प्रवासखर्चापोटी साडेचार वर्षं देहविक्रय, मोबदला शून्य. आजारपणाचे दिवस भरून द्यायचे. गरोदर राहिली तर आणखी एक वर्ष. असल्या कागदावर अंगठा उठवणारी तुझी नायिका काय विचार करत असेल? ते प्रकरण तू अजून लिहिलेलंच नाहीस.

मालकही कायदा वापरत. मुलगी पळाली की दागिने चोरल्याचा आळ घालायचा, वॉरंट काढायचं आणि पोलिसांकरवीच तिला परत ओढायचं. म्हणून सॅक्रामेंटो स्ट्रीटवरच्या ९२० क्रमांकाच्या मिशन होमला, म्हणजे कॅमेरॉनच्या ख्रिस्ती आश्रयगृहाला, न्यायालयाकडून पालकत्वाचे हुकूम मिळवावे लागत. १९०६ च्या भूकंपानंतर आग पसरत असताना कॅमेरॉन परत त्या घरात शिरली, ती हेच हुकूम आणायला. ते नसते तर मुलींवर पुन्हा कुणीही हक्क सांगितला असता. तुझ्या पुस्तकात हा प्रसंग नाही, याची मला फार हळहळ वाटते.

आणि तिएन फू वू कुठे आहे? जुगाराच्या कर्जापायी बापाने विकलेली ही पोर १८९४ साली त्या घरात आली, म्हणजे कॅमेरॉनच्याही आधी. कॅमेरॉन पुढच्या वर्षी आली ती शिवण शिकवायला. पुढे हीच वू दुभाषी झाली, छाप्यांत कॅमेरॉनच्या बरोबर असे. घाबरलेल्या मुलीच्या कानावर तिच्या भाषेतला पहिला शब्द पडे तो अशा दुभाषींचा, कारण कॅमेरॉनला कॅन्टोनीजसाठी त्यांच्यावरच विसंबावं लागे. मी तुझ्या जागी असते तर सगळी कादंबरी वूच्या डोळ्यांनी लिहिली असती.

मिशन होमलाही देवघर करू नकोस. दारांना कुलपं होती, बायबल आणि स्वयंपाक-शिवणाची शिस्त होती, ख्रिस्ती चिनी तरुणांशी लग्नं लावून दिली जात. कित्येकींनी तिथे नवं आयुष्य उभं केलं, काहींना ते सोसवलं नाही, त्या निघून गेल्या. पंडिता रमाबाई १८८८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोहूनच परतीच्या बोटीत बसल्या आणि पुढच्या वर्षी मुंबईत शारदा सदन उघडलं. ते सदन पुण्याला गेल्यावर १८९३ मध्ये केवढा गदारोळ झाला, तो वाच. आसरा आणि धर्म एका छपराखाली आले की काय गुंता होतो, हे तुला आपल्याच घरच्या इतिहासातून कळेल.

शेवटाबद्दल तू विचारलंस. अशीच विकली गेलेली जुंग ग्वाय यिंग १९३३ च्या डिसेंबरात, पोटात मूल असताना, स्वतःच पळून मिशन होमच्या दारात आली. १९३५ मध्ये तिने मालकांविरुद्ध भर न्यायालयात साक्ष दिली. पहिल्या खटल्यात ज्युरीचं एकमत झालं नाही, दुसऱ्यात चौघं दोषी ठरले. दोन्ही वेळा तिला त्याच माणसांसमोर उभं राहून बोलावं लागलं. दुसऱ्यांदा साक्षीला निघतानाची तिची सकाळ आधी लिही आणि मला पाठव. छाप्याचं प्रकरण नंतर बघू.

तुझी,
बाई