दुकानात ब्लँकेट मिळत असताना हाताने गोधडी कशाला शिवायची?

तुम्ही विचारलंय की हजार-बाराशेत मऊ ब्लँकेट घरपोच येतं, मग महिना महिना बसून हाताने गोधडी शिवणाऱ्यांना त्यातून मिळतं तरी काय. सासूबाई दुपारभर गोधडीत मान घालून बसतात, त्यांच्या डोळ्यांची आणि मानेची काळजी वाटते, असंही लिहिलंय. मी २०११ पासून शिवते आहे. मुलगी तेव्हा बारावीला होती, ती रात्री अभ्यासाला बसायची आणि तिच्या सोबतीला जागताना झोप येऊ नये म्हणून मी सुई हातात घेतली. मुलगी शिकून नोकरीला लागली, सुई काही सुटली नाही.

माझं माहेर शिरोळ तालुक्यातलं, कृष्णाकाठचं. आमच्याकडे गोधडीला वाकळ म्हणतात. पुढे मी तोच शब्द वापरते, कारण गोधडी म्हटलं की मला ती दुसऱ्या कुणाच्या घरची वाटते.

आधी वेळेचं बोलू. एकदा मी वहीत हिशेब मांडला होता. वाकळ २०० सेंटिमीटर लांब आणि १३५ रुंद. कडेने सुरुवात करायची आणि चौकोनी फेरे घेत घेत आत यायचं. दोन फेऱ्यांत बोटभर अंतर, म्हणजे दीड सेंटिमीटर. असे ४५ फेरे होतात आणि सगळी शिवण धरली तर १८० मीटर. सेंटिमीटरला एक टाका म्हटलं तरी १८,००० टाके झाले. रोज दोन तास बसले तर मला तीन-साडेतीन आठवडे लागतात.

हा आकडा ऐकून लोकांना दडपण येतं. मला त्याने उलट निवांत वाटतं. मी पतसंस्थेत हिशेबाचं काम करते. तिथलं काम संध्याकाळी संपत नाही, फक्त उद्यावर जातं. वाकळेचं तसं नाही. पहिला फेरा पावणेसात मीटरचा, त्यात पहिला अख्खा दिवस जातो. पण प्रत्येक फेरा आधीच्यापेक्षा थोडा आखूड असतो. पहिल्या दिवशी एक फेरा, शेवटच्या दिवशी चार-पाच. आपण आत आत येत असतो आणि वाकळ आपल्याला ओढून घेत असते. रात्री उठताना तळहात फिरवला की आज कुठून कुठवर आलो ते बोटांना कळतं. माझ्या दिवसातलं असं हे एकच काम आहे.

पण नुसत्या टाक्यांसाठी मी इतकी वर्षं बसले नसते. माझा खरा जीव कापडात आहे.

लुगडं वाकळेत येतं तेव्हा ते बरंच काही बघून आलेलं असतं. आधी ते सणाला नेसायचं, मग परगावी जाताना, मग घरात. बसायच्या जागी विरलं की तेवढा भाग कापून टाकायचा आणि दोन्हीकडची धड टोकं एकमेकांना जोडायची, याला दांड घालणं म्हणतात. दांडाचं लुगडं शेतात आणखी वर्ष-दोन वर्षं निघायचं. त्यानंतर वाकळ. वाकळ फाटली तरी टाकायची नाही, ती नव्या वाकळेच्या पोटात घालायची. आणि अगदीच चिंध्या झाल्या की सारवायला पोतेरं. माझ्या आज्जीच्या घरात कापड असं पायरी पायरीने उतरायचं आणि प्रत्येक पायरीवर त्याला काम असायचं.

त्यामुळे जुनं लुगडं हातात घेतलं की नेसणारी बाई कशी वावरली ते दिसतं. माझ्या आईच्या सगळ्या लुगड्यांचा काठ उजव्या बाजूला जास्त झिजलेला आहे, कारण ती त्या पायावर भार देऊन चालते. हे मला आईकडे बघून कधी कळलं नव्हतं, लुगडी पसरल्यावर कळलं. बाबांची धोतरं गुडघ्यापाशी इतकी विरळ की पलीकडचा हात दिसतो. आज्जीकडे इरकल असायची. इरकलीचं अंग सुताचं आणि काठ रेशमी, जाड विणीचा. अंगातून सुई लोण्यातून गेल्यासारखी जाते आणि काठापाशी आली की अडते. तिथे अंगुस्तानाने रेटावी लागते. डोळे मिटून शिवले तरी कुठलं कापड, कुणाचं, ते मी सांगू शकेन.

आता मी तुम्हाला जे सांगायला बसले ते सांगते.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आमचं गाव पाण्याखाली गेलं. घरात छातीएवढं पाणी होतं. आईबाबांना आधीच मिरजेला हलवलं होतं. पाणी उतरल्यावर आम्ही भावंडं घर काढायला गेलो. पलंगाखालच्या लोखंडी पेटीत मोठी वाकळ होती, ती भिजून, गाळ पिऊन इतकी जड झालेली की दोघांना उचलवेना. कंपाउंडच्या भिंतीवर टाकली. मदतीची नवीकोरी ब्लँकेटं आली होती, चांगली होती, त्या थंडीत तीच कामाला आली, मी त्यांना नावं ठेवणार नाही. भाऊ म्हणाला, ही वाकळ टाकून देऊ, वास जायचा नाही. चार वेळा धुतली. प्रत्येक वेळी पोटातून तांबडं पाणी येतच राहिलं. आई ओट्यावर बसून बघत होती. शेवटी म्हणाली, "उसव. थर सुटं कर, मग धू."

दोन दिवस ब्लेड घेऊन उसवत होतो. वरचा थर आईचा, खणाच्या तुकड्यांचा. गुळेदगुडचे खण, चोळ्या शिवून उरलेले त्रिकोण. त्याच्या खाली दोन लुगडी. आणि सगळ्यात आत, पोटात, एक आख्खी जुनी वाकळ. आज्जीची. आईने ती तशीच्या तशी आत घालून वरून नवी शिवली होती.

ती बाहेर काढून पाण्यात खळबळली तेव्हा एका कोपऱ्यात मला तांबडे टाके दिसले. बाकी सगळी वाकळ पांढऱ्या दोऱ्याची, आणि इथे वीतभर जागेत सात-आठ ओळी तांबड्या. एकेक टाका बोटाच्या पेराएवढा लांब, ओळी तिरक्या, एक तर मधेच दुसरीला जाऊन भिडलेली.

ते टाके माझे होते. मी चौथीत होते, उन्हाळ्याची सुट्टी होती. पांढरा दोरा संपला म्हणून आज्जीने मला तांबडं रीळ दिलं होतं, हे मला लख्ख आठवतं. ती वाकळ शिवायची ओसरीवर, सारवलेल्या जमिनीवर, चार कोपऱ्यांना पाटा, वरवंटा आणि पाण्याचे दोन तांबे ठेवून. माझी करामत बघून म्हणाली होती, "ऱ्हाऊ दे, रात्री मी उसवतो आणि नीट घालतो." चाळीस वर्षं मी धरून चालले होते की तिने ते उसवले.

उसवले नव्हते. माझ्या दर दोन तांबड्या ओळींमध्ये तिने आपली एक बारीक पांढरी ओळ घातली होती. तांदळाच्या दाण्याएवढे टाके. म्हणजे कापडही धरून राहील आणि माझे टाकेही राहतील. मी ओल्या पायांनी तिथेच खाली बसले. आज्जी जाऊन तेव्हा सव्वीस वर्षं झाली होती.

मुलगी म्हणाली, हा तुकडा फ्रेम करून घेऊ. आई म्हणाली, "भिंतीवर कशाला? पोटातनं आलंय, पोटातच घाल." पुढच्या उन्हाळ्यात मी ती वाकळ नव्याने भरली आणि तांबड्या टाक्यांचा कोपरा आहे तसा आत ठेवला. तो आता दिसत नाही. माझ्या छातीवर कुठे येतो ते मला माहीत आहे.

कुणी मला विचारलं की वाकळेतून काय मिळतं, तर मी हे सांगते. कुणी तरी आपल्यासाठी काही तरी केलेलं असतं, ते त्या वेळी आपल्याला दिसत नाही, पण कापडात ते जसंच्या तसं राहतं. आणि शिवणारीला हे शिवतानाच माहीत असतं. मी आता टाका घालते तेव्हा तो कधी, कुणाच्या हातून उसवला जाईल याचा विचार मनात असतो. त्या विचाराने काम सावकाश होतं आणि चांगलं होतं.

लहानपणी मात्र आम्हाला वाकळेची लाज वाटायची. पाहुणे आले की वाकळा आत आणि सोलापुरी चादरी बाहेर. शाळेत कुणी "वाकळेत झोपता का?" म्हटलं की मान खाली जायची. ज्या गाडगेबाबांना लोक गोधडे महाराज म्हणून हात जोडायचे, त्यांच्याच राज्यात. आता शहरातल्या दुकानांत गोधडी काचेच्या मागे टांगलेली बघते तेव्हा मला आनंद होतो. दर ऐकून शिवणाऱ्या बाईच्या हातात त्यातलं किती जातं, हेही मनात येतं.

एक गोष्ट तुमच्या सासूबाईंना विचारून बघा, मधल्या भागाची. कडेने आत येत गेलं की शेवटी मधोमध दीड हात लांबीची एक अरुंद पट्टी उरते. आज्जी ती मिटवायच्या आधी आत चार तांदूळ आणि हळदीकुंकवाचं बोट लावायची. म्हणायची, वाकळेचं पोट रिकामं ठेवू नये. बेळगावच्या खाली, हल्याळ-यल्लापूरच्या बाजूला सिद्दी समाजाच्या बायका कवंदी, म्हणजे त्यांच्याकडची वाकळ, शिवतात. त्याही कडेकडून आत येतात आणि कोपऱ्यांना रंगीत त्रिकोणी घड्या लावतात, त्यांना फुलं म्हणतात. ते बघितल्यापासून मीही कोपऱ्यांना फुलं लावते. आमच्यात तशी रीत नाही, पण आईने काही हरकत घेतली नाही.

तुम्हाला स्वतःला कधी शिवावंसं वाटलं तर मोठ्या वाकळेला हात घालू नका. माझी पहिली वाकळ साफ बिघडली होती. मी घरातल्या सिंथेटिक साड्या घेतल्या, थर एकमेकांवरून सरकत राहिले, पांघरली की अंगावरून घसरायची आणि घाम यायचा. शिवाय मी आधी कच्चे टाके घातले नव्हते. कडेकडून शिवत येताना ढिलं कापड पुढे पुढे ढकललं जातं आणि मधे येऊन झोळ पडतो. माझा झोळ इतका मोठा होता की त्यात मांजर बसलं असतं. म्हणून दर फेऱ्याला तळहाताने कापड बाहेरून आत नव्हे, आतून बाहेर सारायचं. एक मऊ सुती नऊवारी मिळाली तर उत्तम. तिची लांबीत चार पदरी घडी केली की माणसाच्या उंचीची चौघडी आपोआप होते, वेगळं अस्तर लागत नाही. गडद रंगाचं कापड असेल तर ओलं पांढरं फडकं घासून रंग जातो का ते आधी बघा. बाळाचं दुपटं करायचं असेल तर दोन-तीन थर पुरेत, आणि कापड जुनंच घ्या, नव्याची खळ बाळाच्या अंगाला टोचते.

सासूबाईंची काळजी तुम्हाला वाटते ती रास्त आहे, पण त्यांचं शिवणं बंद करू नका. जमिनीवर वाकून बसण्याऐवजी टेबलावर शिवता येतं, वाकळेचा शिवायचा तेवढा भाग वर घ्यायचा आणि बाकीची मांडीवर सोडायची. मानेवरचा ताण खूप कमी होतो. उजेड डाव्या खांद्यावरून येऊ द्या, म्हणजे उजव्या हाताची सावली टाक्यावर पडत नाही. दर फेऱ्यानंतर त्यांना उठवून चहाला बोलवा. आणि रोज सकाळी कामावर जाताना दहा सुया ओवून उशीला टोचून ठेवत जा. साठीनंतर शिवणं जड जात नाही, सुई ओवणं जड जातं, आणि ते कुणी सांगत नाही. माझ्या आईसाठी आता भावाची मुलगी हे करते. दोरा सुती घ्या, दुहेरी करून हातभर लांबीचाच ठेवा. त्याहून लांब घेतला की गुंता होतो.